नानांचं वय

"एवढे टॅब उघडे ठेवून झोप कशी लागते तुम्हाला?"

भूमिकानं दचकून मान वर केली. धुळ्यात पांझरेच्या काठी एक सभागृह आहे, त्याच्या दारासमोरच्या चहाच्या टपरीवर ती लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी कधी कोण येऊन बसलं, तिला कळलंच नव्हतं. गळ्यात मफलर, हातात चहाचा ग्लास, आणि नजर खुशाल तिच्या पडद्यावर. हिवाळ्याचं ऊन त्याच्या चष्म्यावर चमकत होतं, म्हणून डोळे दिसेनात. हसू मात्र दिसत होतं.

त्या टपरीच्या जागी एके काळी एसटीडीचं बूथ होतं. काचेच्या दाराआड उभं राहून, पळत्या मीटरकडे बघत माणसं मनातलं अर्धंच बोलायची. पुढे तिथं सायबर कॅफे आला, फळ्या ठोकून खण पाडले, आणि पोरं-पोरी त्या खणांत बसून परक्या माणसांशी बोलू लागली. आता तिथं नुसता चहा मिळतो, आणि परकी माणसं सरळ तोंडावर बोलतात.

"दुसऱ्याच्या पडद्यात डोकावू नये, हे शिकवलं नाही का कुणी?"

"शिकवलं ना. पण तुमचे टॅब इतके बारीक झालेत, की नावं वाचायला वाकावंच लागलं. बंद का नाही करत?"

"वाचायचेत."

"खरंच वाचणार आहात?"

"नाही," ती म्हणाली, आणि आपण खरं का बोललो याचं तिलाच नवल वाटलं. "पण बंद करवत नाहीत. कुणाला तरी दारातून परत पाठवल्यासारखं होतं."

त्यानं चहावर फुंकर मारली. मग म्हणाला, "मी आपला एका वेळी एक पान उघडतो. एकावरच लक्ष देतो."

"बरेच सज्जन दिसता."

"ब्राउझरबद्दल बोलतोय मी."

"मीही ब्राउझरबद्दलच बोलतेय... आणि तो कुठला वापरता?"

"फोनबरोबर आला तोच."

"म्हणजे घरच्यांनी ठरवून दिलेला."

"बदलता येतो, ठाऊक आहे. पण बदलतं कोण? आणि बदलून तरी काय? आपल्या पुण्याच्या लक्झरी बसांसारखं आहे ते. रंग वेगळे, नावं वेगळी, बॉनेट उघडावं तर बहुतेकांचं इंजिन एकाच बड्या कंपनीचं."

"म्हणून काय लहान माणसानं गाडी काढूच नये?"

"काढावी की. मी तर एकीची वाट बघत बसलोय." त्यानं चहाचा शेवटचा घोट घेतला. "घरच्यांनी ठरवलेलं कधी बदललं होतं का तुम्ही?"

एरवी भूमिकानं याला चोख उत्तर दिलं असतं. आज मात्र तिला ते कुठेतरी लागलं. तिनं लॅपटॉप मिटला, "कार्यक्रम आहे माझा," एवढंच म्हणाली आणि उठली. दारातून तिनं एकदा मागे वळून पाहिलं. तो ग्लास तसाच धरून तिच्याकडेच बघत होता.

लागण्यासारखंच होतं ते. भूमिका यावलची, केळीवाल्यांच्या घरातली. जळगावात मेहरूणला खोली घेऊन राहायची आणि अमृतलालशेठच्या लहानशा कंपनीत नोकरी करायची. कंपनीनं 'तापी' नावाचा ब्राउझर तयार केला होता, खान्देशातल्या माणसांसाठी. त्यातले मराठी शब्द बघायचं काम तिचं. इकडे घरी नाशिकचं एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं, नावं ठेवायला जागा नाही. पण तिचं मन काही केल्या हो म्हणेना, आणि का म्हणेना ते तिलाही सांगता येईना. आज संध्याकाळपर्यंत आईला उत्तर द्यायचं होतं.

उत्तर तसं ठरलं होतं. नानांनी सांगितलं होतं, हो म्हणा.

नानांना तिनं कधी पाहिलं नव्हतं. 'तापी'ची अहिराणी आवृत्ती निघायची होती आणि तिचे शब्द धुळ्याचे कुणी नाना आवडीपोटी देत होते. शब्दाशेजारी शेरा लिहायची सोय होती, तिथं दोघांचं बोलणं चालायचं. त्यांचे शब्द इतके जुने, इतके मुरलेले असत, की हे कुणीतरी पेन्शनीतले मास्तर असणार, असं तिनं पहिल्याच दिवशी धरून चाललं आणि लिहिलं, 'नाना, हा शब्द बरोबर आहे ना?' उत्तर आलं, 'बरोबर शे, अक्का.' पूर्वी पत्रातलं अक्षर बघून माणसाचं वय कळायचं. थरथरता काना, टाकाचा जोर... संगणकात सगळ्यांचं अक्षर एकाच वयाचं. असे ते नाना आणि अक्का महिनोन् महिने बोलत राहिले. आधी शब्दांबद्दल, मग पाऊसपाण्याबद्दल, मग घरच्यांबद्दल. घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं ते नाशिकचं तिनं नानांना सांगितलं. वडीलधारा माणूस, त्याच्यापासून काय लपवायचं?

'तापी'ची अहिराणी आवृत्ती बघायला सभागृह भरलं होतं. पुढे बचत गटाच्या बायका, मागे दुकानदार. मधल्या खुर्चीवर पुण्याचे पाहुणे बसले होते. त्यांच्या मनात भरलं तर ते कंपनीत पैसे घालणार होते. भूमिकानं फोन मोठ्या पडद्याला जोडला आणि आवडलेल्या पानावर खूण करून ठेवायचं बटण दाखवलं.

पाहुण्यांनी चष्मा सावरून मोठ्यानं वाचलं, "आठे... खून करा?"

त्यांचं बोट खालच्या ओळीकडे वळलं.

"आणि हे खाली काय लिहिलंय? बठ्ठ्या खुना पुसा?"

"पुरावा बी ठेवत नाही हो हे," मागून कुणीतरी बोललं आणि हशा उसळला.

भूमिकानं पडद्यावरचे शब्द पुन्हा वाचले. अहिराणीत 'ण' नसतो. पाणी ते पानी, कोण तो कोन, आणि खूण ती खून. 'आठे खून करा' म्हणजे इथे खूण करा, 'बठ्ठ्या खुना पुसा' म्हणजे सगळ्या खुणा पुसा. 'मानूस जसं बोलस तसंच लिखा, अक्का,' असं नानांनी हट्टानं म्हटलं होतं. तिनं ते शब्द चारचारदा तपासले होते आणि एकदाही तिला त्यात रक्त दिसलं नव्हतं. तिच्या यावलच्या घरीही खुणेला खूनच म्हणतात ना. पुण्याच्या माणसाच्या तोंडून ऐकला, तेव्हा कुठे तो शब्द तिच्या अंगावर आला.

अमृतलालशेठचा चेहरा पांढरा पडला होता. "अहिराणी बंद," ते दबक्या आवाजात म्हणाले. "मराठीलाच गिऱ्हाईक शोधावं लागतं, बेटा. बाजार असा चालत नाही. कोणी लिहिलं हे?"

अहिराणी बंद म्हणजे शेरे बंद. शेरे बंद म्हणजे नाना... भूमिकाच्या हातातला माईक चालूच होता. "चूक माझी आहे, शेठ," ती म्हणाली. "मी तपासलं होतं. नानांना काही बोलू नका. ते म्हातारे आहेत, त्यांच्या मनाला लागेल."

मागच्या रांगेतून कुणीतरी उठलं. गळ्यात मफलर.

"नाना मी शे," तो म्हणाला.

भूमिकाला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चुकलं. तो खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आला. चष्म्यावर आता ऊन नव्हतं, डोळे स्पष्ट दिसत होते, आणि त्या डोळ्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं. "माझं नाव योगराज. शब्द माझे आहेत, शेठ. आजीच्या तोंडून ऐकले तसे लिहिले. खून म्हणजे दुसरं काही असतं, हे लिहिताना डोक्यातच आलं नाही."

"तुम्ही नाना?" शेठ तिच्याइतकेच चकित झाले होते. "अहो, तुमचे केस काळे आहेत."

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या, बचत गटाच्या बेबाबाई उठल्या. "आम्हले तं बठ्ठं समजनं, भाऊ. आम्ही काय कोनले मारी टाकाले उनूत का आठे?"

बायका हसल्या. पाहुण्यांच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. योगराज घाईघाईनं म्हणाला, "शब्द बदलू की. 'टिकली लावा' लिहू."

"आणि काढायची असेल तर?" भूमिका ताडकन बोलली. "'बठ्ठ्या टिकल्या पुसा' लिहिणार का?"

बायकांच्या रांगेतून एकदम "अगं माय" असा आवाज आला. योगराजनं जीभ चावली. तो इतका ओशाळला, की एवढ्या रागातही भूमिकाला हसू दाबावं लागलं.

बेबाबाईंनी आपला पदर पुढे धरला. त्याच्या टोकाला गाठ होती. "हाई देखा. घर जाताना जिरं लेवानं शे. ध्यानमा ऱ्हावाले गाठ मारी ठेवेल शे. जिरं लिधं का सोडी टाकसू."

"गाठ मारा," भूमिका हळूच म्हणाली.

"गाठ सोडा," योगराज म्हणाला.

पाहुण्यांनी दोन्ही शब्द घोळवून पाहिले आणि म्हणाले, "शेठ, हे तर मराठीतही घ्या." शेठ व्यापारी माणूस, वारा कुठला ते त्यांना लगेच कळलं. अहिराणी वाचली.

कार्यक्रम आटोपला तसा योगराज तिला आवारातल्या कडुनिंबाखाली गाठायला आला. तिनं हाताची घडी घातली होती.

"मी अक्का नाही, हे कधी कळलं तुम्हाला?"

"तुम्ही नाशिकचं लिहिलंत तेव्हा. अक्कांना स्थळं येत नाहीत."

"आणि आपण नाना नाही, एवढं लिहायला काय झालं होतं?"

"लिहिलं होतं. खोडलं. परत लिहिलं..." तो पायानं पाचोळा उकरू लागला. "नानांशी तुम्ही बोलत होतात. योगराजशी कशाला बोलला असता?"

"टपरीवर बोललेच की."

"तेव्हा तुम्ही कोण ते मला कुठं ठाऊक होतं?"

"मग ती थट्टा कुणाशी चालली होती? वाटेल तिच्याशी करता?"

"नाही," तो म्हणाला. "आजवर नाही केली. म्हणून तर मला स्वतःचाच धक्का बसला. मनात एक अक्का आणि टपरीवर भलतीच... वाटलं, मी काही सज्जन नाही. मग तुम्ही माईक घेतलात आणि 'तापी'चे शब्द बघणारी मीच, म्हणालात. तेव्हापासून छाती धडधडतेय, ती अजून..."

भूमिकाचा राग उतरणीला लागला होता, पण तिला तो इतक्यात सोडायचा नव्हता. "आणि सल्ला? 'होकार द्या' म्हणून? तो नानांचा की तुमचा?"

"तुम्ही विश्वासानं विचारलं होतं. मुलगा चांगला होता. मला वाईट वाटेल म्हणून त्याला वाईट कसं म्हणू? त्या रात्री जेवण गेलं नाही मला. पण खोटं लिहिलं असतं, तर आज तोंड दाखवायला जागा उरली नसती."

कडुनिंबाची पिवळी पानं त्याच्या खांद्यावर पडत होती. ती झटकावीत असं तिच्या हातांना वाटलं, म्हणून तिनं घडी आणखी घट्ट केली.

"आणि योगराजला विचारलं असतं तर?"

त्यानं चष्मा काढून मफलरनं पुसला. बराच वेळ पुसला. "तो म्हणाला असता, थांबा. माझ्यासाठी थांबा."

फोन वाजला. यावलहून लताबाई, तिची आई.

"मंग काय सांगू मी नाशिकवाल्याह्यले?" लताबाईंचा आवाज बागेत हाका मारून कमावलेला होता, फोनबाहेरही ऐकू यायचा.

भूमिकानं योगराजकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली होती. दारात ओळखीच्या माणसाचं पाऊल वाजावं आणि इतके दिवस आपण कुणाची वाट बघत होतो ते कळावं, तसं तिला झालं. "आई... नाही सांग."

"आता नाही? परवा तं म्हने, नाना हो म्हनतात. तू धुळ्यालेच हायेस ना, नाना कुठी हायेत? दे बरं मले. मोठं मानूस हाये, तुले समजावतीन."

"आई, ते..."

"दे म्हटलं ना."

भूमिकानं फोन पुढे केला. योगराजनं तो गरम तव्यासारखा धरला. "न... नमस्कार, मावशी."

"मावशी?" पलीकडे लताबाई अडखळल्या. "नाना, रागावू नका हं. पन तुमचं वय काय?"

"एकतीस."

यावलला पाण्याची मोटर चालू होती. बराच वेळ तिचाच आवाज येत राहिला. मग लताबाई म्हणाल्या, "पोरगी नाही का म्हनते, ते तुम्हाले माहीत हाये का?"

योगराजनं भूमिकाकडे पाहिलं. तिनं नजर काढून घेतली नाही.

"आत्ताच कळलं, मावशी."

"मंग असं करा. नाशिकवाल्याह्यले मी कळवते. तुम्ही रविवारी घरी या. तिच्या बापाले बघू द्या तुम्हाले."

"बघू द्या... म्हणजे?"

"आता ते बी मीच समजावू का?" लताबाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

योगराज फोन कानाला लावून तसाच उभा. भूमिकानं तो घ्यायला हात पुढे केला. त्यानं गोंधळून फोन स्वतःच्या खिशात टाकला आणि तिचा हात हातात घेतला.

"तो माझा फोन आहे," ती म्हणाली. हात मात्र तिनं काढून घेतला नाही.