मी सांगेपर्यंत

टक्.

सकाळचे साडेपाच वाजले होते. घरात माझ्याशिवाय कुणी जागं नाही, असं मी धरून चालले होते. स्वयंपाकघरात उभ्याउभ्या पाण्याची बाटली भरली, नळ बंद केला, आणि त्यानंतर जी शांतता झाली तिच्यात हा आवाज आला. सायकलच्या मागच्या सीटच्या पट्ट्याचं बकल. हा आवाज मी झोपेतही ओळखेन.

पॅसेजमध्ये माझी लेक सीटवर बसली होती. चपलांच्या रॅकवरून चढली असणार. वय साडेतीन. एकदा चिकटली की सुटत नाही, म्हणून तिचा बाप तिला लाडानं जळू म्हणतो. डोळे अर्धे मिटलेले, केस विस्कटलेले, आणि छातीवरचा पट्टा मात्र व्यवस्थित लावलेला.

"उतर, बाळा."

"मी पण येणार."

"सहा तास पावसात जायचंय. आजारी पडशील."

"मी नाही भिजत," ती म्हणाली. या वाक्यावर वाद घालता येत नाही.

मी बकल काढलं, तिला उचललं. झोपेतलं मूल किती जड असतं हे फक्त उचलणाऱ्याला ठाऊक. मानेत तोंड खुपसून तिनं माझ्या खांद्याला हळूच चावा घेतला, रागाचा. तिला बापाशेजारी निजवलं आणि आमच्यातला शब्द वापरला. मला कपडे बदलायचे असले, फोनवर बोलायचं असलं, वहीत चार ओळी लिहायच्या असल्या, की मी सांगते, भिंतीकडे तोंड कर, मी सांगेपर्यंत वळायचं नाही. एरवी हट्टी पोर, पण हे पाळते. एकदा मी सांगायचं विसरले तर भिंतीला नाक लावून तशीच झोपून गेली होती.

"भिंतीकडे तोंड. मी सांगेपर्यंत वळायचं नाही."

ती वळली. मी पाय न वाजवता निघाले.

सीट सायकलवरच राहिली होती. आदल्या दिवशी दोन तास पाना घेऊन झटले, पण बोल्ट गंजून बसलेला. नवरा म्हणाला होता, "राहू दे की. रिकाम्या सीटचं वजन ते किती?"

शर्यत साधी असते. सात वाजता हातात शहराचा नकाशा मिळतो. त्यावर तीस लाल गोल, म्हणजे तीस चेकपॉइंट, प्रत्येकाचे गुण ठरलेले, हव्या त्या क्रमानं गाठायचे. प्रत्येक ठिकाणी दोरीला एक पंच बांधलेला असतो. प्रत्येकाच्या सुया वेगळ्या नक्षीच्या. त्यानं आपल्या कार्डाच्या चौकोनात भोकं पाडायची. एक वाजेपर्यंत परत यायचं. उशिराच्या दर मिनिटाला गुण कापतात. फोन सुरुवातीलाच पाकिटात बंद करून सील करतात. रस्ता शोधायचा तो नकाशा आणि डोकं यांच्या जोरावर.

लग्नाआधी आणि लग्नानंतरही मी ही शर्यत तीनदा जिंकले होते. मग लेक झाली. या साडेतीन वर्षांत मला कुणी नुसती मी म्हणून ओळखलेलं आठवत नाही. मला कप नको होता. मला सहा तास, फक्त सहा तास, कुणाचीही आई नसलेली बाई व्हायचं होतं. हे मी मोठ्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

"अरे वा, पाळणा घेऊन आलीस!" दातांची डॉक्टर म्हणाली. माझ्या गैरहजेरीत पहिली येणारी ती हीच. "ये बाई, एकटीच जिंकून कंटाळले होते."

"आज नाही कंटाळणार," मी म्हणाले.

नकाशे वाटणाऱ्या काकांना सगळे होकायंत्र म्हणतात. त्यांनी माझ्या सीटकडे पाहून मान हलवली आणि शिट्टी वाजवली.

पहिले दोन तास फक्त घाण. याला दुसरा शब्द नाही. पुढच्या चाकानं उडवलेलं गटाराचं पाणी थेट ओठांवर येतं आणि श्वास तर तोंडानंच घ्यावा लागतो. त्याची चव जुन्या नाण्यासारखी, खाली सडलेल्या पालेभाजीची. मोज्यांत पाणी पचपचत होतं. प्रत्येक पंचाची दोरी माझ्या आधी आलेल्यांच्या हातांनी बुळबुळीत झालेली. मासळीच्या दुकानामागच्या पंचाला तर एक लांब केस गुंडाळलेला होता, तो माझ्या बोटाला आला आणि पुसला तरी निघेना. पण अंगठा नकाशावर बरोबर जागी होता, पाय चालत होते, आणि खरं सांगायचं तर मी सुखात होते. नऊपर्यंत अकरा चेकपॉइंट झाले होते.

बाराव्याला, छापखान्याच्या कुंपणाशी, सायकल टेकवली तेव्हा दिसलं की सीटचं बकल लागलेलं आहे.

निघताना ते उघडं होतं. मीच उघडलं होतं. खड्ड्यांमुळे, मी स्वतःला सांगितलं. बकल दाबून लावावं लागतं हे मला माहीत होतं, पण शर्यतीत अशा गोष्टींवर डोकं खर्च करत नाहीत. मी ते उघडलं आणि निघाले.

मग सायकल जड झाली. आधी चढावर कळलं, नंतर सपाटीवरही. उतरून पाहिलं तर सीटच्या खोलगट बुडात पाणी साचलेलं. तळाच्या भोकांत महिन्याभराचा बिस्किटांचा चुरा भिजून चिखल झालेला. तो बोटानं उकरून काढला. आंबलेल्या दुधाचा वास आला, आणि ओला चुरा नखांखाली गेला. पाणी ओतलं. ते कोमट होतं.

पावसाचं पाणी गारठलेलं होतं. हे कोमट होतं.

मी हात पँटला पुसले, पुन्हा पुन्हा पुसले, आणि स्वार झाले. वजन कमी झालं नव्हतं.

दहाच्या सुमारास बसडेपोची शेड आली. शर्यतीतला माणसं असलेला हा एकच चेकपॉइंट. तिथे एक निवृत्त कंपाउंडर दर वर्षी केळी वाटतो. एका स्वाराला एक केळं, हा त्याचा कडक नियम. जास्त मागणाऱ्याला तो पोटाच्या तक्रारी ऐकवतो. त्यानं माझ्या हातात एक केळं दिलं, मग जरा थांबून दुसरं सीटमध्ये ठेवलं.

"दोन कशाला, काका?"

तो पाठीमागे हात बांधून सीटकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "टोपी तरी घालायचीस, पोरी." मी हेल्मेटला हात लावून दाखवला. तो हसला नाही.

मला वाटलं, म्हातारा थकलाय.

पुढच्या तासात सहा चेकपॉइंट झाले. सायकल चालवताना डावा हात मागे नेऊन लेकीचा गुडघा चाचपायची मला सवय आहे, दर दोन मिनिटांनी. त्या दिवशी मी हात मुद्दाम हँडलवर ठेवला. एकदाच थांबले, नकाशाची घडी बदलायला. तेव्हा सीटमधलं केळं दिसलं. सालीसकट खाल्लेलं. अर्धं चावून परत थुंकलेलं, तपकिरी, लाळेनं तारा सुटलेला लगदा, आणि त्यात सालीचे धागे. हादऱ्यानं केळं चेंगरतं, हे खरं आहे. पण चेंगरलेल्या केळ्यावर दातांच्या कडा उमटत नाहीत.

मला ओकारी आली. कडेला वाकून तेही उरकलं.

सोडून द्यायला हवं होतं. पण पुलापाशी डॉक्टर आडवी गेली, तिनं बोटांनी खुणावलं, बावीस. माझे एकवीस होते. वेळ बाराला दहा कमी.

तेवढ्यासाठी मी ती चूक केली. आम्ही लोक नकाशा बारीक घडी करून ठेवतो, अंगठा पोहोचेल एवढाच तुकडा वर. माझ्या घडीच्या ओळीत एक फुली गेली होती. रुळांखालचा बोगदा बंद असल्याची फुली. मला तिथे फक्त सरळ पांढरी वाट दिसली, पाच गुणांच्या चेकपॉइंटकडे जाणारी, आणि मी आत शिरले.

आत पाणी गुडघ्यापर्यंत होतं. पाणी कसलं, शहराच्या पोटातून आलेलं ते सगळं. वर फेसाची साय, तिच्यात कापूस, चिंध्या, काहीतरी मऊ जे पोटरीला लागून सरकलं. मी उतरून सायकल ढकलू लागले. वास असा की जिभेवर बसला. पावसाचा आवाज मागे राहिला.

मग मला श्वास ऐकू आला. नाक चोंदलेल्या मुलाचा असतो तसा, फुरफुरता.

मी वळले नाही. पण हात गेला. सवयीनं गेला, मी नाही नेला.

गुडघा होता.

गुबगुबीत, कोमट आणि बुळबुळीत, उकडून सोललेल्या बटाट्यासारखा. माझ्या बोटांखाली कातडी थोडी सरकली.

मी हात काढला. ओरडले नाही. मला भीती वाटली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला किळस आली. अंगावर पडलेल्या पालीची येते तशी. आणि त्या किळसेखाली राग, की आज पण? सहा तास सुद्धा नाहीत?

पाना काढला. दोन तास न हललेला बोल्ट एका फेऱ्यात सुटला.

मान बाजूला वळवून मी सीट उचलली. जड होती. किती जड, ते हातांना नेमकं ठाऊक होतं. भिंतीला पाण्याच्या वर एक कट्टा होता, तिथे ती ठेवली. पाठ माझ्याकडे, तोंड भिंतीकडे.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी सांगेपर्यंत वळायचं नाही."

कट्ट्यावरचा श्वास थांबला.

मी निघाले. मागे, पाण्यावरून, फक्त एकदा आवाज आला.

टक्.

त्यानंतर सायकल उडाली. दुसरा शब्द नाही. पन्नास मिनिटांत पाच चेकपॉइंट. एक वाजायला चार मिनिटं असताना मी शेवटची रेघ ओलांडली. डॉक्टर सहा मिनिटं उशिरा आली.

टाळ्या झाल्या. होकायंत्रकाका माझं कार्ड भोकाभोकानं तपासत होते. शेवटी कडेच्या जादा चौकोनापाशी थांबले.

"हा पंच कुठला? माझ्याकडे अशी नक्षी नाही."

डॉक्टर डोकावली. तिच्या केसांतून पाणी गळत होतं. हसत होती, मग हसायची थांबली. कार्ड उजेडाकडे धरून तिनं नखानं अर्धगोल मोजला.

"हा पंच नाही, काका. चावलंय कुणीतरी. दुधाचे दात आहेत." तिनं माझ्याकडे पाहिलं. "वरचा डावीकडचा अर्धा तुटलेला. तुझ्या लेकीला दाखवायला आण एकदा, तसाच ठेवू नये."

माझ्या खांद्यावर सकाळचा चावा होता. त्यातही डावीकडे एक खूण अर्धीच आहे. पलंगावरून पडली होती ती, गेल्या वर्षी.

"सकाळी चावली असेल," मी म्हणाले. कार्ड मला सात वाजता मिळालं होतं.

पाकिटाचं सील तोडून नवऱ्याला फोन लावला.

"उठली का?"

"उठली कसली! सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडलीये. वळवायला गेलो तर किंचाळते. म्हणते, आईनं सांगितलंय. तू पण ना, सांगून जायचंस की वळ म्हणून." तो हसत होता, पण थकलेलं हसू. "दहाला केळं मागितलं. तेही तसंच खाल्लं, पाठमोरी."

"आणि?"

"आणि काय? बाराच्या सुमारास रडली. असं रडताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं गं. मग एकदम गप्प झाली. जिंकलीस का?"

बोगदा डावीकडे होता, घर उजवीकडे. मी घरी आले.

नवरा दाराशी टॉवेल घेऊन उभा होता. मी तशीच, गटार गळत, आत गेले. खोलीत पडदा ओढलेला. ती माझ्याकडे पाठ करून निजली होती, गुडघे पोटाशी. केस मानेला चिकटलेले, ओले.

"घामाघूम झालीये," नवरा मागून म्हणाला. "पांघरूण काढू देत नाही."

वास माझ्या कपड्यांचा होता. मी दारापर्यंत मागे सरकले. वास पलंगापाशीच राहिला.

फक्त एक शब्द म्हणायचा होता. रोज म्हणते. मी पुन्हा पुढे गेले, तिच्या पाठीवर ठेवायला हात उचलला, आणि तो हवेतच राहिला. माझा तोच हात, पँटला इतक्यांदा पुसलेला.

चोंदलेल्या नाकानं तिनं एक श्वास घेतला.

"आई," ती भिंतीला म्हणाली, "आता वळू का?"