न मारलेला वजीर

"या घरात मी शिकलो काय, तर बाटलीच्या बुचांचा खेळ!" शेजाऱ्यांसमोर कसोंदे हसत म्हणाला आणि मक्याच्या पिठाचा नशिमा घोटणाऱ्या म्विलाच्या हातातला चाटू थबकला... अख्ख्या झांबियात सर्वांत लहान वयात बुद्धिबळाचा विजेता झालेला तिचा हा धाकटा भाऊ! लुआंश्या या खाणीच्या गावातल्या अंगणात बुचं मांडून त्याला पहिली चाल शिकवली होती तिनेच, पुढे बुद्धिबळही दोघं एकाच पटावर शिकली, पण आज ते कुणाला आठवत होतं? खाणीच्या क्लबातून एकालाच राजधानीत खेळायला पाठवणार होते. निवडीच्या डावात ती कसोंदेकडून हरली, तो गेला, आणि अंथरुणाला खिळलेली आई, धुरकट चूल, बाजारात विकायचे गुलगुले... यांत म्विलाचं तारुण्य कोंडून पडलं. गावाबाहेरचा रस्ता तिला रोज अंगणातूनच दिसायचा.

शेजारी जेवून गेले. परदेशात हरलेला डाव कसोंदे पटावर पुन्हा लावत बसला.

"इथं उंट कशाला मारलास?" भांडी घासता घासता म्विलानं विचारलं.

"फुकट मिळत होता की."

"बुचांची खोड गेली नाही तुझी. त्या खेळात मारता आलं की मारावंच लागतं. बुद्धिबळात सोडून देता येतं, वेड्या."

कसोंदेचा हात पटावरच राहिला. त्याला निवडीचा डाव आठवला... त्याचा वजीर उघडा पडला होता, तिचा घोडा त्याला मारता येईल अशा घरात उभा होता, आणि तिनं भलतंच प्यादं सरकवलं होतं. त्यावरून तो तिला कायम आंधळी म्हणून चिडवत आला होता.

"ताई... तेव्हा माझा वजीर तुला दिसलाच नव्हता ना?"

ती मान खाली घालून भांडं घासत राहिली.

"आईची शपथ आहे तुला."

"दिसला होता रे. आईजवळ कुणीतरी राहायला हवं होतं."

तिचे राखेनं माखलेले हात कपाळाशी धरून तो हुंदके देऊ लागला. मग डोळे पुसून त्यानं निवडीचा तोच जुना डाव मांडला.

"चाल कर."

"म्विला..." आतून आईची हाक आली. सवयीनं ती उठली, पण त्यानं खांदा धरून तिला खाली बसवलं.

"आईला मी बघतो. आजच नाही, यापुढेही. पुढच्या महिन्यात राजधानीत निवड आहे, तिथं तू खेळायचंस."

तो आत गेला. आईला पाणी पाजत असताना बाहेर पटावर आपला वजीर पडल्याचा आवाज त्याला ऐकू आला.