किल्ली माझ्या खिशात होती

यावर तुमचा विश्वास बसणार नाही. सदाशिव पेठेत माझ्या कुठल्याच गोष्टीवर कोणी विश्वास ठेवत नाही. पण ही खरी आहे. त्या दुपारनंतर मी एकाही शर्टाला खिसा ठेवू दिलेला नाही. शिंप्याला विचारा.

मी सांगतोय आणि माझी नात टाइप करतेय. तिचं नावच कादंबरी.

१९९९. एप्रिल. विश्रांतवाडीच्या पुढची एक शेड. दुपारचा दीड.

अर्धं पुणं कॉम्प्युटरच्या क्लासला पळत होतं, आणि आम्ही अवकाशयानाचं अणुइंजिन तपासत होतो! परदेशी काम. घाबरू नका, युरेनियमचा कणही नव्हता. इंधनाच्या कांड्यांच्या जागी तशाच विजेच्या हीटरच्या कांड्या. उष्णता खरी, अणू खोटा.

इंजिन एका पोलादी टाकीत होतं. तिचं दार बाहेरूनच उघडायचं. म्हणून नियम एकच. आत जाणाऱ्यानं मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची.

मी आत शिरलो. जोडीदार सीताराम डबा खायला गेलेला.

सैल झालेली तार घट्ट करत होतो, तेवढ्यात...

खट्.

दार लागलं.

"सीताराम, चेष्टा पुरे!"

बाहेरचा पंखासुद्धा ऐकू येईना.

मग... कांड्यांमधून बारीक गुणगुण.

खिसा चाचपला. किल्ली होती. मग वीज आली कुठून?

पहिली कांडी लाल झाली. मग दुसरी. श्वास घेतला की नाक भाजायचं. दारावर पान्हा आपटला. तीनदा.

दाराला वीतभर काच होती. तिच्यातून पाहिलं...

स्विचपाशी कोणीतरी पाठमोरं उभं होतं. चौकड्यांचा शर्ट. डाव्या हातात रिकामा डबा.

तो वळला.

तो मीच होतो.

आत मी. बाहेर मी. आणि बाहेरच्या मला आतला मी दिसत नव्हता.

"आबा, मग सुटलात कसे?" कादंबरीनं विचारलं.

"कसा म्हणजे... सांगतो. आधी पाणी दे."

शेजारी शेंगा मोडत बसलेल्या माझ्या बायकोचे, श्यामलाचे, हात थांबले.

"हे आत गेलेच नव्हते गं. खिसा फाटका म्हणून सीतारामनं किल्ली यांच्याकडे ठेवायला दिली होती. जेवून आल्यावर यांच्या ध्यानातच राहिलं नाही; दार लावलं, कुलूप काढलं आणि स्विच चालू केला."

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आत सीताराम होता. तो नाही आला बाहेर."