एक पाऊल जास्तीचं

कोराडीहून शहरात जाणाऱ्या एसटीत त्या रविवारी माणसं दारापर्यंत उभी होती, आणि सत्यवतीच्या शेजारच्या सीटवर एक बास्केटबॉल ऐटीत बसला होता.

"बाई, याचं अर्धं तिकीट काढा, नाही तं मांडीवर घ्या," कंडक्टर म्हणाला.

"मांडीवर घ्यायच्या वयाचा आहे का तो?" सत्यवती फणकारली.

"घ्या न," मागून आवाज आला. "अजून पायानं चालत नाही बिचारा."

तिने वळून पाहिलं. मागच्या सीटवर एक माणूस, हातात मोजायची टेप, मिशीत दाबून धरलेलं हसू.

"तुमचं काय जाते? माहं लेकरू आहे, मी पाहून घेईन!"

अख्खी गाडी हसली. मग कुठे तिला कळलं, आपण काय बोललो ते... कानाच्या पाळ्या तापल्या. तिने चेंडू मुकाट मांडीवर घेतला.

सत्यवती ही नरखेडकडच्या नत्थूजींची पोर. खेळाच्या जोरावर तिला पॉवर हाऊसच्या ऑफिसात नोकरी लागली होती. दिवसा फायली, सकाळ-संध्याकाळ मैदान. तशा अकरा जणी होत्या आणि सत्यवती त्यांची कॅप्टन. हाफपँट घालून नाचायची कसली नोकरी, असं गावातली माणसं म्हणायची. मग ती सुटीला गावी यायची असली की तीच माणसं नत्थूजींच्या ओट्यावर येऊन, आमच्या पोराला कुठं चिकटवता येईल का म्हणून, सत्यवतीची वाट पाहत बसायची.

त्याच संध्याकाळी शहरात मोसमातली पहिली मॅच होती. सत्यवती मैदानात उतरली आणि पाहते तर काय... गळ्यात शिट्टी घालून गाडीतलाच तो माणूस उभा! रुपराव त्याचं नाव. शहरातल्या शाळेत ड्रिलमास्तर, आणि मोसमात रेफ्री. सकाळी कोराडीच्या मैदानाची मापं घ्यायला गेला होता.

मॅच सुरू झाली. सत्यवतीने चेंडू घेतला, उडी मारणार — तोच शिट्टी. "वॉकिंग!" म्हणजे चेंडू न आपटता पावलं जास्त पडली, आता चेंडू समोरच्यांचा. एकदा नाही, तीनदा. कोराडी जिंकली खरी, पण सत्यवती तणतणत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुमच्या शिट्टीत खडा अडकला का? माह्यावरच वाजून राहिली."

"तुम्ही एक पाऊल जास्तीचं टाकता."

"कोण म्हणते?"

"सकाळी तुमचं मैदान पाहिलं मी. पॉवर हाऊसच्या चिमणीची राख पडते तिथं. पाय सरकू नये म्हणून तुम्ही आधी एक पाऊल रोवून पाहता, मग उडता." त्याने पायाने जमीन ठोकून दाखवली. "इथं राख नाही, कॅप्टन. इथं बिनधास्त उडा..."

सत्यवतीने खाली आपल्या पायांकडे पाहिलं. चार वर्षं शेकडो डोळ्यांनी तिचा खेळ पाहिला. तिच्या पायाखालची राख एकालाही दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून अकरा जणी मैदान दोनदा झाडू लागल्या. थंडी वाढत गेली, बाजारात संत्र्यांचे ढीग लागले, आणि कोराडीच्या पोरी एकामागून एक मॅच मारत सुटल्या. सहाव्या मॅचनंतर ती केसांची वेणी पुन्हा घालत त्याच्याजवळून मुद्दाम हळू गेली.

"आज माह्यासाठी एकदाही नाही वाजली तुमची शिट्टी."

"म्हणून तं करमलं नाही..." तो म्हणाला, आणि शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिला.

मग त्याने सरळ रीतीने मागणी घातली. सुभद्राआत्याने त्याला लहानाचा मोठा केला होता. तिलाच घेऊन तो कोराडीच्या क्वार्टरवर आला. नत्थूजी गावाहून येऊन बसलेले. पोहे झाले, चहा झाला, आणि आत्याने फर्मावलं, "चालून दाखव वं पोरी."

पोरगी लंगडत तर नाही ना, हे पाहायची तेव्हा तशी रीतच होती.

सत्यवती जागची हलली नाही. "आत्याबाई, माहं चालणं तुमच्या भाच्यानं भरल्या मैदानात पाहिलं. तीनदा शिट्टी वाजवून नापास केलं. आता तुम्ही नवीन काय पाहसान?"

नत्थूजींनी कपाळाला हात लावला. आत्या अशी हसली की बशीतला चहा सांडला.

"तिखट आहे गा! मले पसंत. लग्नानंतर खेळशीन?"

"खेळीन."

"खेळ. घरात बसून मी कोणते दिवे लावले!"

रुपरावाने धीर केला. "तुमचं... काय म्हणणं?"

"रविवारी फायनल आहे. शिट्टी कोणाच्या गळ्यात?"

"माह्या. सहा वर्षांत पहिल्यांदा मिळाली फायनल."

"मग उत्तर फायनलनंतर. आज हो म्हटलं अन् आम्ही जिंकलो, तं लोक म्हणतीन, जावयानं कप दिला. अकरा जणींचा घाम आहे त्याच्यात. त्याच्यावर मी कोणाले बोट ठेवू देणार नाही."

पण मागणीची बातमी कॉलनीत राहते थोडीच! रविवारी मैदान गच्च भरलं होतं, आणि रुपराव दिसताच समोरच्या बाजूने ओरडा सुरू झाला, "आला, आला, कोराडीचा जावई आला!"

कोराडीच्या पोरींची तोंडं उतरली. त्यांच्यातली पुष्पलता सत्यवतीच्या कानाशी म्हणाली, "सत्ये, आता जिंकलो तरी हरलोच वं."

रुपराव सरळ टेबलाशी गेला. गळ्यातली शिट्टी काढून मुख्य पंचांसमोर ठेवली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला, "मी कोराडीच्या कॅप्टनला मागणी घातली आहे. उत्तर मिळालेलं नाही. पण माझं मन एका बाजूचं झालं आहे. ही मॅच मला घेता येणार नाही."

ओरडणारे खाली बसले. ज्या मॅचसाठी सहा वर्षं वाट पाहिली, ती त्याने उभ्या उभ्या सोडून दिली. शिट्टी दुसऱ्या पंचाने उचलली.

तो वळला तर समोर सत्यवती. डोळे भरलेले, मान मात्र ताठ.

"थांबा. जिंकल्यावर बोलली, तं म्हणतीन खुशीत बोलली. हरल्यावर बोलली, तं म्हणतीन दुःखात बोलली. म्हणून आत्ताच ऐका." तिने श्वास घेतला. "हो."

"पुन्हा एकदा... म्हणा न."

"एकदाच मिळते. सरका, मॅच सुरू होऊन राहिली."

तो जाऊन आत्याशेजारी बसला. मैदानात सहा वर्षं त्याने कुणाच्या बाजूने ब्र काढला नव्हता. त्या दिवशी चेंडू वर उडाला आणि याचं तोंड जे उघडलं, ते शेवटपर्यंत मिटलं नाही. शेवटच्या मिनिटाला सत्यवतीने चेंडू पुष्पलताकडे फेकला, पुष्पलताने तो जाळीत घातला, आणि कोराडी एका बास्केटने जिंकली. स्वच्छ जिंकली. बोट ठेवायला जागाच नव्हती.

कप काखेत धरून सत्यवती त्याच्याकडे आली. कपाळावरून घाम निथळत होता, आणि तिने तो पुसलाही नाही.

"सांगा आता... कशा खेळलो आम्ही?"

रुपरावाने तोंड उघडलं. नुसती हवा आली.

"घसा बसवून घेतला बैलानं," आत्या म्हणाली. "मॅचभर तुह्या नावानं बोंबलत होता. आता हा काही बोलत नाही, पोरी. जन्मभर तुलेच बोला लागन."