तुळईच्या कडीतली माळ

गुजरीच्या सराफपेठेमागच्या बोळात आमचं मण्यांचं दुकान होतं. एका भिंतीला काचेच्या बरण्यांत मणी, दुसऱ्या भिंतीला रंग, ब्रश, कागद. मी अमीन पटवेगार. माळा गुंफणं आमचं पिढीजात काम; रंग-ब्रश मी नंतर ठेवायला लागलो. बेचाळीस वर्षं मी आणि माझी बायको रोशनबी त्या दहा फुटांत समोरासमोर बसलो. आता माझे हात कापतात, आणि तिच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. उजेड की अंधार, एवढंच तिला कळतं. मुलगा अल्ताफ पुण्याला असतो. "अब्बा, बास झालं आता, इकडं या," असं तो चार वर्षं म्हणत होता. दिवाळीनंतर आम्ही ऐकलं. नोव्हेंबरअखेर दुकान रिकामं करायचं ठरलं.

दुपारी एक ते चार आम्ही कुलूप लावून घरी जेवायला जायचो. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी चारला येऊन शटर वर केलं, तर तुळईच्या लोखंडी कडीला एक बारकी माळ लोंबत होती. काळा मणी, पांढरा मणी, काळा, पांढरा. तान्ह्या पोराच्या मनगटाला बांधतात तशी.

कडी नऊ फुटांवर. स्टुलावर चढल्याशिवाय माझाही हात पोचत नाही.

शेजारी सयाजीचं फोटोफ्रेमचं दुकान. आमची दुसरी किल्ली त्याच्याकडं असायची.

"सयाजी, चेष्टा केलीस व्हय?"

"कसली चेष्टा, चाचा? मी हितं आडवा झालतो की. पर तुमीच लवकर आलासा न्हवं? ताटात मणी चाळल्यागत आवाज येत हुता तुमच्यातनं."

मी त्याच्याकडनं किल्ली मागून घेतली. त्याला राग आला नाही, पण तो माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं बघत राहिला.

बुधवारी दुसरी माळ आली. पहिलीपेक्षा बोटभर लांब. दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात होत्या. मी कुलूप नवीन आणलं, मागच्या खिडकीला फळी ठोकली. शुक्रवारी तिसरी माळ आली. लाल मणी, गळ्यात घालायची.

माळ बघून गळा सांगायची आम्हा पटवेगारांना सवय असते. मी ती उतरवून रोशनकडं दिली. रोशननं माळ हातात घेतली, बोटांवरनं फिरवली.

"ही चारेक वर्षांच्या पोरीची," ती म्हणाली.

"कुणीतरी खोड्या करतंय."

"कडी कशाची हाय, इसरलासा?"

विसरलो नव्हतो. अल्ताफच्या आधी आम्हाला एक मुलगी होती, तहरीम. दुकानातच त्या कडीला झोळी बांधून तिला निजवायचो. अठ्ठ्याऐंशीचा मे महिना, लग्नसराई, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. पोरीला सकाळपासून कणकण होती. झोळी हलायची थांबली तेव्हा झोप लागली असं वाटलं. तासभर आम्ही दोघांनीही झोळीत डोकावून बघितलं नाही. अकरा महिन्यांची होती. त्यानंतर आम्ही याविषयी एकमेकांशी कधी बोललो नाही.

पुढच्या आठवड्यात माळा रोज यायला लागल्या. शाळकरी पोरीच्या गळ्याची, निळ्या मण्यांची. मग गुलाबी प्लॅस्टिकच्या मण्यांची, मधेच दोन हिरवे, वयात येणाऱ्या पोरी हट्टानं ओवून घेतात तशी. सुरुवातीच्या माळांच्या गाठी कच्च्या होत्या, ओढल्या की सुटायच्या. नंतरच्या सुटेनात. रोशननं एका गाठीवर अंगठा ठेवला आणि गाठ उलटसुलट फिरवून चाचपली.

"ही डाव्या पिळाची हाय. माझी गाठ."

"तू कुणाला शिकवलीवतीस?"

"कुणालाबी न्हाई."

त्या दिवसापासून ती घरी नीट जेवायची नाही. पावणेचारलाच चप्पल घालून दारात उभी राहायची. मी शटर उचललं की विचारायची, "काय हाय आज?" तिच्या आवाजात भीती नव्हती, आणि मला त्याचीच भीती वाटायची.

एकवीस तारखेला कडीला काळी पोत होती. दुपदरी, मधे सोनेरी मणी. आमच्याकडं लग्नात नवरीच्या गळ्यात बांधतात, तशी.

मी ती रोशनच्या ओंजळीत ठेवली. तिनं पोत चाचपली, गालाला लावली.

"लगीन झालं तिचं," ती म्हणाली. "आपल्याला कळलंबी न्हाई."

मग ती रडली. सदतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. सयाजी दारापर्यंत आला आणि तसाच मागं फिरला.

दुकान तर रिकामं करायचंच होतं. रेशीम, सुती दोरा, सुया, सगळं मी गडहिंग्लजच्या मावसभावाला देऊन टाकलं. मणी एका व्यापाऱ्यानं बरण्यांसकट उचलून नेले. रंग चित्रकलेच्या शिक्षकांनी नेले. उरल्या त्या फळ्यांवर बरण्यांच्या गोल खुणा.

त्यानंतर आठवडाभर काही आलं नाही.

"काय हाय आज?"

"काय न्हाई."

"मणीच न्हाईत, तर ती करंल कशानं?" रोशन म्हणाली. जणू मी लेकीच्या तोंडचा घास काढून घेतला होता.

तीस तारखेला किल्ली द्यायची होती. विश्वजित नावाचा तरुण तिथं मोबाइलचं दुकान टाकणार होता. पाचला येतो म्हणाला होता. आम्ही चारला गेलो. मी शटर उचललं.

कडीला माळ होती.

सयाजीकडनं स्टूल आणलं. वर चढलो. माळेत एकासारखा दुसरा मणी नव्हता. पोवळ्याच्या रंगाचा, चिरलेला, निळा, काळा. सगळे मळकट.

मी खाली फरशीकडं बघितलं. शहाबादी फरशीच्या फटी कोरून काढल्या होत्या. बेचाळीस वर्षांत आमच्या हातनं सांडलेले मणी कुणीतरी नखानं एकेक करून उचलले होते. फटींतली माती भिंतीच्या कडंला नीट गोळा करून ठेवली होती.

"कशात ओवलीय?" रोशननं खालून विचारलं. "दोरा कुठला आला?"

दोरा नव्हता. केस होता. बाईचा, हातभर लांब.

मी खाली उतरलो आणि माळ तिच्या हातात दिली. तिची बोटं मण्यांमधून केसावर गेली, थांबली.

"काळा हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"व्हय," मी म्हणालो.

मुळाकडं दोन बोटं तो पांढरा झाला होता. आणि नुकतंच न्हाऊन आल्यासारखा अजून ओला होता.