बत्तीस गुरुवारांची जागा

मंगळवारी दुपारी टाळांना नव्या दोऱ्या बांधायला म्हणून मी भजनी मंडळाच्या खोलीत गेले, तर परब तिथे लॅपटॉपसमोर डोकं धरून बसलेले. बाहेर श्रावणाची बारीक भुरभुर होती. कांदिवलीतल्या आमच्या या मंडळाचं दर गुरुवारचं भजन परबच कॅमेऱ्यात घेतात आणि मंडळाचा लॅपटॉप घरी नेऊन जपतात.

"वाट लागली, नलिनीबाई! शनिवारी डबलबारी, दोन बुवांचा सामना… आणि ह्यात जागाच नाय. कोण खाता, ताच कळणा नाय."

"सरका. टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं काढलीयत मी. मोठ्या फाइली वर आणायच्या, चोर आपोआप सापडतो."

"नको… मी बघतो ना नंतर—"

तोवर मी बटण दाबलंही होतं. गुरुवार, गुरुवार, गुरुवार… बत्तीस फाइली.

"भजन एक तासाचं, आणि फाइल अडीच तासांची?"

परब खिडकीबाहेर बघू लागले. मी एका फाइलीचा शेवट लावला. पडद्यावर रिकामी खोली. मी सतरंजी घडी करतेय, गुणगुणतेय, पेटीवरची धूळ पुसतेय आणि परबांना चहात साखर जास्त झाल्याबद्दल झापतेय. दुसरी फाइल, तेच. तिसरीतही मीच.

"कॅमेरा बंद करायला विसरलो…"

"बत्तीस गुरुवार?"

त्यांचे कान लाल झाले. सत्तरीतल्या माणसाचे कान असे लाल होतात, हे मला ठाऊक नव्हतं.

"ही गेल्यापासून घर फार गप्प झालंय," ते हळूच म्हणाले. "जेवताना लावतो. तुम्ही रागावता ना… ते ऐकलं की जेवण जातं."

माझ्याही घरी नऊ वर्षं एकच ताट वाढलं जातंय. मी दोरीची गाठ बांधली, सोडली, परत बांधली.

"भजनं ठेवा. माझं सगळं कापा."

लॅपटॉपकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला. "एक तरी राहू दे…?"

"एकही नको. मी काय मेलेय का, परब? जेवताना आवाज हवा तर माणूस बोलवावं."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "बोलावलं तर… येशील?"

हे 'येशील' मी ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं केलं.

"घावणे येतात करता?"

"येतात. पहिले दोन तव्याला चिकटतात."

"ते तुम्ही खा. उद्या दुपारी येते. आता कापायला घ्या."

बत्तीस वेळा कापायचं होतं. दिवेलागण झाली तरी आम्ही शेजारी शेजारी बसून होतो. प्रत्येक तुकडा काढण्याआधी ते थोडा ऐकून घ्यायचे… आणि मी ऐकू दिलं.