सीलबंद चिन्नोर

शामकला बिसेन कुडव्यातल्या कचेरीत शिरल्या त्या भांडायच्या तयारीनेच. बसण्याआधी त्यांनी टेबलावर एक सीलबंद पिशवी आणि प्रयोगशाळेचा कागद आपटला.

"आमी फवारलं नाई, बाई. अन् हा कागद आमाले खोटं पाडून राहिला."

कचेरी दुर्गेश्वरी कटरे यांची; त्या गोंदियातल्या खासगी तपासनीस. पोस्टातून निवृत्त झालेले केशोराव त्यांच्या सोबतीला असत. कागद वाचणं त्यांचं काम. त्यात न लिहिलेलं वाचणं बाईंचं.

कोहमाऱ्याजवळच्या बत्तीस बायकांनी यंदा गट करून पहिल्यांदाच बिनफवारणीचा चिन्नोर, हा इकडचा बारीक वासाचा तांदूळ, पिकवला होता, युरोपात पाठवायला. तिकडचा नियम काटेकोर. धानाच्या करपा रोगावरच्या औषधाचा अंश किलोमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागावर गेला की माल परत. नमुन्यात तो सातपट निघाला होता. आता तोच तांदूळ कंपनी साध्या भावात उचलणार आणि गटाचं नाव काळ्या यादीत जाणार. त्याआधी हातात चार दिवस होते.

नमुना तीन जागी राहिला होता. मुन्नालालच्या मिलमध्ये एक दिवस, शामकलाबाईंचा दीर टिकाराम याच्या घरी एक दिवस, कंपनीचा खरेदी अधिकारी धर्मेंद्र याच्या ऑफिसात दोन. तिथेच सर्वांदेखत सील लागलं. अर्धा नमुना प्रयोगशाळेत गेला, अर्धा गटाकडे.

बाईंनी शामकलाबाईंच्या घरून त्याच दळणातला तांदूळ मागवला, त्यांच्या समोरच पिशवीचं सील तोडलं, आणि सरळ दोन पातेली चुलीवर चढवली. केशोरावांना हा तपास फारच आवडला. दोन्ही तांदूळ बारीक, दोन्हींचा वास घरभर. पिशवीतल्या भाताचा दाणा न् दाणा सुटा होता, म्हणून त्यांनी तोच दुसऱ्यांदा वाढून घेतला. दुसरा बोटांना चिकटत होता. "याला पाणी जास्त लागलं," पिशवीतल्या तांदळाच्या पातेल्याकडे बघत बाई एवढंच बोलल्या.

टिकारामाने विचारताच कबूल केलं, की त्याने खालच्या बांधीतल्या जाड्या धानावर औषध मारलं होतं. चिन्नोरला मात्र हात लावला नाही. "चिन्नोर तं आमी यंदाच पेरला. घरी आजवर जाडाच खाल्ला."

केशोरावांच्या मते चोर सापडला होता. बाईंनी गाडी मिलकडे वळवायला सांगितली.

मुन्नालाल वैतागलेला होता. निर्यातीचा माल दळायचा म्हणून दसऱ्यालाच कंपनीने त्याला गोदामातला जुना दाणा न् दाणा उचलायला लावला, फरशी धुऊन घेतली, धर्मेंद्रने स्वतः पाहून सही केली. "अब मेरे पास पुराना कुछ बचा नही," तो म्हणाला, "खायला पण नवाच."

धर्मेंद्रने मात्र चहा पाजला. त्याच्या टेबलामागे तांदळाचे डबे ओळीने मांडले होते. त्याने एकातून मूठभर काढून केशोरावांच्या हातावर ठेवला. गेल्या हंगामातला चिन्नोर, बाजारातून घेतलेला. ग्राहकाला दाखवायला नेहमी पुरानाच काढायचा, त्याचीच इज्जत, असं त्याने कौतुकाने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांना मिलमध्ये बोलावलं. गटातल्या बायकाही आल्या आणि पोत्यांवर ठाण मांडून बसल्या.

"मी तोडेपर्यंत सील शाबूत होतं," बाई म्हणाल्या, "म्हणजे तांदूळ सील लागण्याआधीच बदलला. टिकारामचा फवारलेला धान जाडा. पिशवीत एकही जाडा दाणा नाही. आणि पिशवीतला भात केशोरावांनी दोनदा घेतला. का?"

"मोकळा होता म्हणून," केशोराव म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले. पंधरवड्यापूर्वी कापलेल्या धानाचा भात मोकळा होत नाही, हे या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आपण दोन वाढी खाऊनही गप्प राहिलो याची त्यांना लाजच वाटली.

"पिशवीत गेल्या वर्षीचा तांदूळ आहे. गट तर यंदाचा. जुना चिन्नोर टिकारामकडे कधी नव्हता, मुन्नालालकडे उरला नव्हता. उरला तो एका डब्यात, बाजारातला, म्हणजे फवारलेला."

धर्मेंद्र हसला. "चावल पे साल लिखा रहता है क्या?"

"पातेल्यात लिहिलेलं असतं. सवयीने तुम्ही चांगला म्हणून जुनाच काढलात. तो डबाही त्याच प्रयोगशाळेत पाठवू?"

त्याने हळूच कबूल केलं: नापास माल स्वस्तात घेऊन नियम ढिले असलेल्या देशात पाठवायचा होता. तो अहवाल फाडायला निघाला, पूर्ण भावही देऊ केला.

शामकलाबाईंनी कागद त्याच्या हातातून काढून घेतला.

"फाडाचा नाई. तुमी काय केलं ते याच्याच मागं लिवा. नियम कडक हाय तं कडकच राहू द्या, आमी त्याले भेत नाई. पण नमुना आमच्या पोत्यातला पायजे, अन् कंपनीचा माणूस दुसरा पायजे."

त्याने लिहून दिलं. बायकांनी प्रत्येक पोत्यातून मूठ मूठ काढून नवी पिशवी भरली आणि सीलवर बत्तीस जणींनी सह्या, अंगठे केले. बाईंनी गाडी देऊ केली, तीही शामकलाबाईंनी नाकारली. प्रयोगशाळा नागपूरला; तिकडच्या बसमध्ये त्या पिशवी शेजारच्या सीटवर ठेवून बसल्या. कंडक्टरने ती खाली ठेवायला सांगितली.

"तिचंबी तिकीट फाड," त्या म्हणाल्या.